ब-१ म्हणजे किती टक्के?

सहामाहीची प्रगतिपुस्तके घरोघर पोहोचण्याचे दिवस आले, की आमच्या जिन्यावरची वर्दळ वाढते. कारण मास्तरकीच्या पेशातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे लोटली असली, तरी शाळेच्या दप्तरातील कोणताही कागद मला वाचता येतो, अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची समजूत अद्याप कायम आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातील सूनबाई, दुसरीत शिकणाऱ्या मुलाला एका हाताने आणि त्याच्या प्रगतिपुस्तकाला दुसऱ्या हाताने धरून वर आल्या आणि खुर्चीवर टेकण्यापूर्वीच म्हणाल्या, ‘‘काका, ब-१ म्हणजे किती टक्के हो?’’ ७१ ते ८०, असे मी सांगताच त्यांची मुद्रा किंचित निवळली; परंतु लगोलग दुसरा प्रश्न आला, ‘‘आणि वर्गात नंबर कितवा?’’ नंबराला त्या पुस्तकात जागाच नव्हती, आणि ती नसणे ही छापखान्याची चूक नव्हे, हे त्यांच्या गळी उतरवताना समोरचा चहा निवून गेला.

या बाईंची काही चूक होती, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. आपले मूल शाळेत काय शिकते, हे जाणून घेण्याची आईबापांची इच्छा रास्त आहे; मात्र ती पुरी करण्यासाठी ते ज्या प्रश्नांचा आश्रय घेतात, ते प्रश्न त्यांच्या स्वतःच्या शालेय दिवसांतून, म्हणजे पहिला-दुसरा नंबर आणि पास-नापास यांच्या जमान्यातून, वारसाहक्काने आलेले असतात, आणि म्हणून त्यांची उत्तरे मिळाली तरी हवे ते ज्ञान हाती लागत नाही.

सर्वांत दृढमूल झालेला गैरसमज असा, की ‘हल्ली परीक्षाच नसतात, सगळ्यांना वर ढकलतात’. याचे मूळ १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात आहे, आणि हा कायदा न वाचता त्यावर मत देणाऱ्यांची संख्या आपल्याकडे काही थोडी नाही. त्याच्या १६व्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती आणि ३०व्या कलमाने मंडळाची परीक्षा वर्ज्य केली. परंतु त्याच कायद्याच्या २९व्या कलमाने मुलाचे आकलन आणि त्या आकलनाचा वापर करण्याची त्याची क्षमता यांचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन झाले पाहिजे, असे स्पष्ट शब्दांत बजावले. म्हणजे बंदी होती ती मागे ठेवण्याला; तपासण्याला नव्हे. पुढे २०१९ साली १६व्या कलमात दुरुस्ती झाली, तिच्या आधारे महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवी या दोन इयत्तांपुरती वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्णांसाठी फेरपरीक्षा आणि तीतही न जमल्यास त्याच वर्गात राहणे, अशी तजवीज केली. पहिली-दुसरीच्या लेकरांशी या दुरुस्तीचा काडीमात्र संबंध नाही. तरीही ‘आता पुन्हा नापास करणार’ या भयाने सहा वर्षांच्या पोराला शिकवणीला डांबणारे पालक मी पाहिले आहेत.

दुसरी समजूत अशी, की प्रगतिपुस्तकातील श्रेणी म्हणजे सहामाहीच्या पेपरात मिळालेले गुण. वस्तुतः २०१० सालच्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात जी पद्धत आली, तीत मूल्यमापनाचे आकारिक आणि संकलित असे दोन भाग केलेले असून, पहिली-दुसरीत १०० पैकी ७० गुण आकारिकाला आणि अवघे ३० संकलिताला, म्हणजे सत्राअखेरच्या मूल्यमापनाला, आहेत. तिसरी-चौथीत हेच प्रमाण ६० आणि ४० असे होते, आणि सातवी-आठवीला पोहोचेपर्यंत ते उलटे, म्हणजे ४० आणि ६० असे होऊन बसते. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारे : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, स्वाध्याय इत्यादी साधनांनी शिक्षकाने मुलाला शिकतानाच न्याहाळणे. तेव्हा ‘पेपर कुठे आहे, दाखवा’ असा आग्रह धरणारा पालक, लहान वयात तरी, मूल्यमापनाच्या एका लहानशा कोपऱ्याकडेच बोट दाखवत असतो.

येथे एक आक्षेप हमखास निघतो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. निरीक्षण म्हणजे बाईंची मर्जी. लाडक्याला अ-१ आणि नावडत्याला क-२. याचे उत्तर मी सूनबाई वर आल्या, त्या संध्याकाळच्या हकिकतीतून देतो. त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात गणितासमोर सुवाच्य अक्षरात वर्णनात्मक नोंद होती : ‘संख्यांचे वाचन व लेखन अचूक करतो.’ मी त्याची गणिताची वही मागवली. वहीत ‘पंचवीस’ या शब्दापुढे ५२, ‘चौतीस’पुढे ४३ आणि ‘एकसष्ट’पुढे १६, अशी उलटी जोडपी ओळीने उभी होती, त्यांवर लाल शाईच्या फुल्या होत्या, आणि आईच्या लेखी त्या फुल्यांचा अर्थ ‘याचे गणितात डोके नाही’ एवढाच होता.

मी घरातल्या डब्यातले चिंचोके त्याच्यापुढे ओतले आणि पंचवीस मोजून दे, म्हटले. त्याने क्षणभर छताकडे पाहिले, दहा-दहाचे दोन ढीग केले, पाच चिंचोके बाजूला सरकवले आणि उरलेले परत डब्यात भरले. पंचवीस म्हणजे किती, हे त्याला पुरते उमगले होते. मग तो ५२ का लिहीत होता? त्याचे कारण त्याच्या डोक्यात नव्हते, आपल्या भाषेत होते. ‘पंचवीस’ उच्चारताना मराठी माणूस आधी पाच म्हणतो आणि मग वीस. अंकांत लिहिताना मात्र आधी दोन येतो आणि मग पाच. कानाने ऐकलेल्या क्रमाने हात चालवणारे मूल ५२ लिहिते, आणि ते लिहिताना ते एका नियमाचे इमानाने पालन करीत असते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशीही वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे काहूर माजले होते, हे वाचकांना स्मरत असेल; डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील बालभारतीच्या गणित समितीने नेमक्या याच अडचणीवर बोट ठेवले होते. त्या वादात भाषेच्या अभिमानावर पुष्कळ शाई सांडली, आणि ५२ लिहिणाऱ्या मुलाची विचारपूस त्या मानाने फारच थोड्यांनी केली.

आता पाहा. फुलीने आईला सांगितले की उत्तर चुकले. ब-१ने सांगितले की मूल साधारण बरे आहे. छापील वळणाच्या नोंदीने तर धडधडीत असत्य सांगितले. खरी माहिती, म्हणजे दशक-एककाची समज पक्की, लिहिताना अंकांची अदलाबदल, काड्यांच्या गठ्ठ्यांवर आठवडाभर सराव हवा, ही तिन्हींपैकी कशातही नव्हती. ती वहीत आणि चिंचोक्यांच्या ढिगांत होती. तेव्हा निरीक्षण ही पद्धत मर्जीची, हा निष्कर्ष चुकीचा आहे. दोष निरीक्षण न करताच नोंद लिहिण्याचा आहे. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या बाजारात पुस्तिकांच्या रूपाने मिळतात, मोबाइलवर तर फुकट फिरतात, आणि वर्षअखेरीस त्यांतील वाक्ये हजेरीपटाच्या क्रमाने उतरवली जातात. शिक्षकांची बाजूही ध्यानी घेतली पाहिजे : शिक्षणहक्काच्या कायद्याच्याच परिशिष्टाप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पाच इयत्ता दोघांत वाटून घ्यावयाच्या, आणि वर माहितीचे तक्ते भरून वरिष्ठ कचेरीकडे रवाना करावयाचे. तरीही ज्याच्या वहीत ५२ आहे, त्याच्या पुस्तकात ‘अचूक’ लिहिणे ही माझ्या मते गैरशिस्त आहे, आणि ती खपवून घेऊ नये.

‘मग शेऱ्याबरोबर गुणही द्यावेत, म्हणजे दोन्हींचा लाभ होईल’, असा मध्यममार्ग पुष्कळांना सुचतो. या बाबतीत रूथ बटलर या संशोधिकेने इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मोठा उद्‌बोधक आहे. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना काम कसे सुधारावे याचा नुसता शेरा, आणि काहींना गुण व शेरा दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांचे पुढचे काम सुधारले आणि गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांची गत मात्र नुसत्या गुणवाल्यांसारखीच झाली. गुण दिसला की नजर तेथेच थबकते आणि शेरा वाचला जात नाही. आमच्या सूनबाईंनीही ब-१ वाचले होते, नोंद वाचली नव्हती. अर्थात त्या नोंदीची योग्यता पाहता फारसे नुकसान झाले नाही, हा भाग निराळा.

लवकर वाचू-लिहू लागलेले मूल हुशार आणि मागे राहिलेले मंद, ही समजूत तर घराघरांत कायम वस्तीला आहे. एकाच पहिलीत बसलेल्या दोन मुलांच्या वयात सहज अकरा महिन्यांचे अंतर असू शकते, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते त्याच्या आजवरच्या आयुष्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढे असते. पेन्सिल धरणाऱ्या बोटांची ताकद, बसकण, शब्दसंग्रह, सगळ्यांत हा फरक उमटतो आणि वर्गातील सर्वांत धाकटी मुले ‘कच्ची’ म्हणून नोंदली जातात. ज्या आल्फ्रेड बिने यांच्या नावाने बुद्धिमापनाचा डंका पिटला जातो, त्यांनी १९०५ साली सिमों यांच्या साहाय्याने ती कसोटी रचली, ती पॅरिसच्या शाळांतून जादा मदतीची गरज असलेली मुले हुडकण्यासाठी. मुलाची बुद्धी कायमची ठरून गेलेली असते, या मताला त्यांचा विरोधच होता.

शिवाय परीक्षेऐवजी निरीक्षणाने मूल पारखणे हे पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले, आणि पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघांनी वारली मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या. गुरे राखणाऱ्या पोराला परीक्षेच्या तासाला बोलावण्याऐवजी बाईंनीच कुरणावर जाऊन तो काय मोजतो, काय ओळखतो, हे पाहावयाचे, हा तेथला शिरस्ता होता. कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात पहिल्या इयत्तांचा एकसंध, अवर्गीकृत गट करण्याची शिफारस केली. २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने तीन ते आठ या वयोगटासाठी चाचण्या व परीक्षा सर्वथा अनुचित ठरवल्या, ते या परंपरेच्या शेवटी.

याचा अर्थ सगळे आलबेल आहे, असा कोणी करू नये. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के निघाली. पालकांची धास्ती पोकळ नाही. मात्र असरचे साधन कसे आहे, तेही पाहावे : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढाच एक कागद, एका मुलाशेजारी बसून, काही मिनिटांत. त्यात नंबर नाही. मूल कोणत्या पायरीवर आहे, एवढेच त्यातून कळते, आणि पुढची पायरी कोणती, हे कळण्यास तेवढे पुरते.

राहिली शेवटची समजूत, की शिक्षकांना विचारणे म्हणजे त्यांच्या कामात ढवळाढवळ. शिक्षणहक्काच्या कायद्याच्या २४व्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता अजमावून गरजेप्रमाणे जादा मार्गदर्शन देणे, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची उपस्थिती, क्षमता व प्रगती यांची माहिती देणे, ही शिक्षकांची कर्तव्ये म्हणून नमूद केली आहेत. म्हणजे पालक विचारतो, तेव्हा तो उपकार मागत नसतो. मी सूनबाईंना एवढेच सांगितले, की पुढच्या सभेला जाताना प्रगतिपुस्तक घरी ठेवा आणि वही बरोबर न्या; ५२ वर बोट ठेवा आणि बाईंना विचारा, ‘हे असे का होते, आणि घरी आम्ही काय करावे?’ त्या गेल्या. बाईंनी काड्यांचे गठ्ठे काढले. नंबर त्यांना अजून ठाऊक नाही, पण पोरगा आता २५ लिहितो.