भिंतीपलीकडची लस

रोग तुरुंगात कोंडून राहत नाही. पहारेकरी रोज घरी जातो. 1897 च्या जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात राजी झालेल्या बंद्यांना दिली. (बंदिवानाचा रुकार कितपत मोकळा, ही शंका मला आजही सतावते.) 2021 साली दिल्लीच्या तिहारमध्ये करोनाची लस आली. देशभर कित्येक बंद्यांजवळ ओळखपत्रच नव्हते. मे महिन्यात केंद्राने त्याविना नोंदणीची सोय केली. परंतु त्याच महिन्यात कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर 12 ते 16 आठवडे झाले. तेवढ्या अवधीत कच्चा कैदी जामिनावर सुटून गावी पोहोचतो. त्याची दुसरी मात्रा कोणाच्या दप्तरी? सुटकेच्या कागदाबरोबरच लसीचा दाखला त्याच्या हाती द्यावयास हवा.