चप्पल तुमची, फोटो कुणाचा?

आज पिकापाण्याविषयी नाही, पायताणाविषयी बोलू. पायताण म्हणजे आपली कोल्हापुरी चप्पल. तुमच्या गावात चप्पल होत नसेल, बुरडाच्या टोपल्या होत असतील, घोंगडी विणली जात असतील किंवा बचत गटाच्या बायका गोधड्या शिवत असतील, तरी पान उलटू नका. गोष्ट सगळ्यांनाच लागू आहे.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा नावाच्या बड्या कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो भरवला. तिथे मिरवणाऱ्या तरुणांच्या पायात जे होते, त्याचे फोटो इन्स्टाग्रामवरून फिरत फिरत आपल्याकडे आले. आपल्या माणसांनी एका नजरेत ओळखले, की ही तर आपली कोल्हापुरी! कंपनीने मात्र तिला नुसते चामड्याची सँडल म्हटले होते. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचा पत्ता नाही. मग लोकांनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून मोबाईलवर एवढा गिल्ला केला, की कंपनीला लेखी कबूल करावे लागले, ही कल्पना भारतातल्या पारंपरिक हस्तकलेवरून सुचली. उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती, ती फेटाळली गेली. पण डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्राचे चर्मोद्योग महामंडळ लिडकॉम आणि कर्नाटकचे लिडकार यांच्याशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात दोन हजार जोड बनवून घ्यायचे आणि जगभर विकायचे असे ठरले. किंमत एका जोडीला सुमारे आठशे युरो. आपल्या रुपयात ऐंशी हजारांच्या वर!

यात मला महत्त्वाची वाटते ती एकच बाब. कोर्टाने नाही, पुढाऱ्याने नाही, फोटोने हे घडवले. आणि तो फोटो चप्पल शिवणाऱ्याने काढलेला नव्हता.

मोट गेली, गिऱ्हाईक गेले

आपल्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. विहिरीवर मोट होती तेव्हा चर्मकाराशिवाय शेतकऱ्याचे पान हलत नव्हते. मोट तो शिवायचा, नाडा तो दुरुस्त करायचा, पायातले वहाण तोच द्यायचा. सुगीला खळ्यावर त्याचे बलुते ठरलेले. इंजिन आले, वीजपंप आले, मोट माळ्यावर गेली. मग रबरी आणि प्लॅस्टिकच्या चपला आल्या आणि गावातले गिऱ्हाईकही गेले. ज्यांनी धंदा धरून ठेवला ते शहरातल्या व्यापाऱ्याच्या हवाली झाले. २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून कातडे मिळवण्याची ओढाताण आणखी वाढली. त्या कायद्याविषयी कुणाचे मत काहीही असो, कारागिराची अडचण खोटी नाही.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ज्याला आपण जीआय म्हणतो. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो मान. मान मोठा, यात शंका नाही. पण मानांकनाचा कागद भिंतीवर टांगून चप्पल खपत नाही. खपायला गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर यावी लागते.

मागच्या उन्हाळ्यात कागल तालुक्यातल्या एका वाडीत गेलो होतो. याच तालुक्यातल्या कापशी गावाच्या नावाने 'कापशी' चप्पल ओळखली जाते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ओसरीवर एक काकू वेणी घालत बसल्या होत्या. डोक्याची नव्हे, चपलेच्या पट्ट्यावरची, चामड्याच्या बारीक वाद्यांची. यजमान आतल्या बाजूला रापीने तळ कापत होते. मी विचारले, "काकू, मोबाईलवर विकता का नाही?"

"आमी कशाला विकतोय दादा," त्या म्हणाल्या. "फोटू पुन्याचा मानूस टाकतोय. गिऱ्हाईक त्येचं, नाव त्येचं. आमाला जोडीमागं मजुरी. आन् ह्यो आमचा पोरगा दिवसभर मोबाईलच बगत बसतोय, पर आयनं केलेली चप्पल काय त्यात दिसंना!"

पोरगा ओशाळून हसला. मला वाटते, सगळा लेख त्या काकूंच्या बोलण्यात आला. तरी पुढचे सांगतो, कारण करायचे कसे हे कुणी सांगत नाही.

फोटोतला बाजार

आठवडी बाजारात तुम्ही वांगी कशी मांडता? किडके आत दडवणारा एकदाच विकतो. इन्स्टाग्राम हाही बाजारच समजा. तो २०१० मध्ये सुरू झाला. २०२० च्या जूनमध्ये आपल्या देशात टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच पुढच्या महिन्यात इन्स्टाग्रामने छोटे चलच्चित्र म्हणजे रील सुरू केले. खाते उघडायला पैसे लागत नाहीत. धंद्याचे खाते वेगळे उघडता येते, तेही फुकट. व्हॉट्सअ‍ॅपचेही २०१८ पासून धंद्यासाठी वेगळे अ‍ॅप आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासकट लावून ठेवता येते. एकात गिऱ्हाइकाने बघायचे, दुसऱ्यात बोलणे करायचे, अशी जोडी चांगली जमते.

फोटोसाठी महागडा कॅमेरा नको. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला ओसरीवर किंवा दाराच्या उंबऱ्याशी जोड ठेवायचा. उन्हात ठेवाल तर चामडे पांढुरके दिसते आणि वेणीचे काम मरते. घरातल्या दिव्याखाली काढाल तर रंग पिवळा येतो, मग गिऱ्हाईक म्हणते, "दाखवली एक, पाठवली दुसरी." खाली धुतलेले पोते किंवा साधी शेणाने सारवलेली जमीन असावी. फुलाफुलांची चादर नको. मोबाईलची काच धोतराच्या सोग्याने पुसून घ्या, हसू नका, निम्मे फोटो त्यामुळेच धुरकट येतात. एक फोटो वरून, एक बाजूने म्हणजे तळाची जाडी दिसेल असा, एक कानाचा आणि शिलाईचा जवळून, आणि एक पायात घातलेला. तळ पालथा करूनही दाखवा. नकली चप्पल विकणारा तळ कधी दाखवत नाही.

यावरून माझीच फजिती सांगतो. मी एकदा असाच मोबाईलवर सुंदर फोटो बघून जोड मागवला. आला तो रेक्झिनचा, गोंदाने चिकटवलेला. पहिल्याच पावसात तळ सुटला. ते खाते कुणाचे होते ते सांगत नाही, आता ते सापडतही नाही. पण त्यानंतर वर्षभर मी मोबाईलवरून काहीच घेतले नाही. म्हणजे एका लबाडाने माझ्यापुरते का होईना, पाच-सहा प्रामाणिक कारागिरांचे गिऱ्हाईक बुडवले.

म्हणून माझे मत असे, की तयार चपलेच्या फोटोपेक्षा हाताचा फोटो जास्त कामाचा. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेले कातडे, भिजवून ठोकलेला तळ, खिळा न मारता चामड्याच्या वादीने आरीने घातलेली शिलाई, काकूंच्या बोटांतली वेणी. हे व्यापाऱ्याच्या दुकानात नाही, नकलीवाल्याकडे तर नाहीच नाही. रील करताना सिनेमातले गाणे लावू नका. ठोकण्याचा आवाज येऊ द्या, नव्या चपलेची करकर येऊ द्या. शहरातला माणूस त्या आवाजावरच थांबतो.

फोटोखाली काय लिहायचे? गावाचे नाव, तालुक्याचे नाव, कातडे कोणते, किती दिवस लागले आणि भाव. भाव लपवून "मेसेज करा" असे लिहिण्याची पद्धत पडली आहे, ती मला बरी वाटत नाही. बाजारात भाव न सांगणाऱ्याच्या पालापुढे कोण उभा राहतो? मराठीत लिहा, सोबत हिंदीत किंवा इंग्रजीत एक ओळ टाका, पोराकडून लिहून घ्या. चप्पल, कोल्हापूर, कापशी असे चार-पाच नेमके हॅशटॅग पुरेत, त्यांचा ढीग लावून उपयोग नाही. आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आपले नाव असू द्या. फोटो चोरीला जाणारच, निदान नाव तरी सोबत जाईल.

मापाचा घोळ

मोबाईलवरच्या चप्पल धंद्यात सगळ्यात जास्त पैसा मापात जातो. गिऱ्हाईक "आठ नंबर" म्हणते, पण बुटाचा आठ आणि कोल्हापुरीचा आठ एक नसतो. जोड परत आला की जाण्या-येण्याचा खर्च तुमच्या माथी. त्यावर उपाय जुनाच आहे. पूर्वी कारागीर पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायचा. गिऱ्हाइकाला तेच करायला सांगा. कागदावर पाऊल रेखायचे, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टी ठेवायची आणि पट्टीसकट फोटो पाठवायचा. कोल्हापुरी पहिले काही दिवस लागते, मग चामडे सैल पडून पायाचा आकार घेते, हेही आधीच सांगून टाका. भिजवू नका, अधूनमधून तेलाचा हात द्या, हे चिठ्ठीवर लिहून खोक्यात घाला.

पैशाचे म्हणाल तर सावध राहा. कुणी पैसे भरल्याचा नुसता फोटो पाठवला तर माल बांधू नका, आपल्या खात्यात रक्कम आली का ते बघा. पैसे घेण्यासाठी कधीही यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. "हा कोड स्कॅन करा, तुम्हाला पैसे येतील" म्हणणारा ठक समजा. राज्याबाहेर माल जाऊ लागला तर जीएसटीचे नियम वेगळे पडतात, आधी जाणकाराला विचारा.

आणि एक उलटी अडचण असते, तिचा कुणी विचार करत नाही. समजा नवरा-बायको मिळून आठवड्याला चार जोड करतात. एखादे रील चालले आणि एका रात्रीत साठ जणांनी मागणी केली, तर काय कराल? हाव सुटते. बाहेरून कच्चा माल आणून आपल्या नावाने पाठवावासा वाटतो. तिथेच नाव बुडते. सरळ लिहा, "महिन्याला सोळा जोड होतात, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात." पंगतीत पुढच्या पंक्तीला बसा म्हटले तर आपण उठून जातो का? थांबणारे थांबतात. तेवढे थांबायची ज्याची तयारी नाही, तो हाताच्या कामाचे गिऱ्हाईक नव्हेच.

सरपंच साहेब, हे तुमच्यासाठी

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय घेतले आहेत. त्यात चर्मकार आहे, तसेच सुतार, लोहार, कुंभार, टोपल्या विणणारेही आहेत. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, पण पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. प्रशिक्षणाला दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज अशी ती योजना. तुमच्या गावचा अर्ज पडताळणीअभावी पडून आहे का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आपण सवयीने ग्रामसेवकच म्हणतो) एकदा विचारा. या आठ जिल्ह्यांतल्या कारागिराने मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेतली नसेल, तर लिडकॉमच्या कार्यालयात चौकशी करायला लावा. जीआयचे चिन्ह मनाने लावता येत नाही, त्यासाठी ही नोंद लागते. २०२५ पासून अस्सल चपलेला क्यूआर कोड लावण्याचे कामही महामंडळाने हाती घेतले आहे. मोबाईल धरला की जोड कुणी केला हे कळावे, असा त्यात हेतू आहे.

ग्रामपंचायतीचे स्वतःचे इन्स्टाग्राम खाते बऱ्याच गावांत आहे. त्यावर उद्घाटनांचे आणि हारतुऱ्यांचे फोटो असतात. त्यात महिन्यातून एकदा गावच्या कारागिराचा फोटो पडला तर कुणाचे काय जाणार आहे?

त्या वाडीत परवा पुन्हा फोन केला होता. पोराने खाते उघडले आहे, नाव आईचे ठेवले आहे. आतापर्यंत नऊ फोटो टाकले, मागणी तीन जोडांची आली, त्यातली एक मापात फसली. काकू म्हणाल्या, "पावसाळ्यात आता कोन चप्पल घेतंय? कातडं बी वाळत न्हाई." खरे आहे, पावसाळ्यात या धंद्याला ढील असते. पण ढगाळ दिवसाचा उजेड फोटोला फार चांगला, सावली पडत नाही आणि वेणीचा पीळ न् पीळ दिसतो. ते चार महिने पोराने ओसरीवर आईशेजारी मोबाईल घेऊन बसावे, असे मी सुचवले आहे. दिवाळीची मागणी दसऱ्याच्या आधीच सुरू होते.