काकडीवरचा आळ आणि जंतूंचा सात-बारा

आपल्या जिल्ह्यातल्या एका गावात मागे पावसाळ्याच्या तोंडाला जुलाब-उलट्यांची लागण झाली. बरीच माणसं आजारी पडली, सुदैवाने दगावलं कोणी नाही. पण दोनच दिवसांत पारावर चर्चा सुरू झाली की, अमक्याच्या मळ्यातली काकडी खाल्ली म्हणून हे झालं. झालं! पुढच्या आठवडी बाजारात त्या शेतकऱ्याच्या मालाला कोणी हात लावेना. सगळी काकडी घरी परत आली आणि म्हशींपुढे गेली. पाण्याचे नमुने तपासायला गेले होते. अहवाल आला, 'एक नमुना पिण्यास अयोग्य'. पण तो नमुना कोणत्या विहिरीचा, हे बाटलीवर लिहिलेलंच नव्हतं! मी शेतीखात्याचा माणूस, आरोग्याचा नव्हे. तरी तो शेतकरी मलाच विचारत होता, "साहेब, माझी काकडी दोषी का निर्दोष, हे कुणी सांगंल का नाही?"

हे सांगता येतं. जगात एके ठिकाणी ते सांगितलंही गेलं, आणि योगायोग असा की तिथंही आळ काकडीवरच आला होता.

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत रक्ती जुलाबाची मोठी साथ आली. ई. कोलाय नावाच्या जंतूचा एक घातक प्रकार पसरला होता. कित्येकांची मूत्रपिंडं निकामी झाली. साथ संपेपर्यंत ३,८०० पेक्षा जास्त लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक मेले. २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने जाहीर करून टाकलं की, स्पेनहून आलेल्या काकडीवर ई. कोलाय सापडला आहे. एवढं निमित्त पुरलं. स्पेनच्या काकडीची मागणी एका रात्रीत बसली, ट्रक परत फिरले. रशियाने तर साऱ्या युरोपचा भाजीपाला बंद केला.

पाच दिवसांनी, ३१ मे रोजी, पुढचा तपास हाती आला. काकडीवर जंतू होता हे खरं, पण माणसं मारणारा तो हा नव्हेच! जात एक, कूळ वेगळं. तोवर शेतकऱ्यांचं नुकसान होऊन गेलं होतं. युरोपीय संघाला भाजीपाला उत्पादकांना २० कोटी युरोंहून जास्त भरपाई द्यावी लागली. आपल्याकडे असं झालं तर भरपाईचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, हा प्रश्न वेगळाच.

मग खरा गुन्हेगार कोण? १० जून रोजी बोट गेलं मोड आलेल्या कडधान्याकडे. पुढे त्याच महिन्यात फ्रान्समध्ये बोर्डोजवळ काही माणसं तशीच आजारी पडली. तिथल्या प्रयोगशाळेने आपल्या रुग्णांतल्या जंतूचा ठसा जर्मनीतल्या ठशाशी ताडून पाहिला. दोन्ही एकच निघाले. दोन देशांत एकच जंतू, म्हणजे मूळही एकच असणार. मग बियाण्याच्या पावत्या मागे मागे तपासत गेले, तेव्हा दोन्हीकडचा धागा २००९ साली इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांच्या एका लॉटपाशी पोचला. बियांवर प्रत्यक्ष जंतू काही सापडला नाही. ठसे आणि पावत्या, या दोन गोष्टी जोडूनच निष्कर्ष निघाला. युरोपने इजिप्तच्या मेथीवर आणि इतर काही बियांवर काही महिने बंदी घातली. एका लॉटपायी साऱ्या देशाचं बी अडकलं.

आता हा ठसा म्हणजे काय, ते बघू. रेशन दुकानात आपण अंगठा लावतो आणि यंत्र ओळखतं, हा अमुक कार्डधारक. जंतूला अंगठा नसतो, पण डीएनए असतो. त्या डीएनएचे ठरावीक विकराने ठरावीक जागी तुकडे करतात, ते जेलीच्या थरात ठेवून वीजप्रवाह सोडतात. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात आणि पट्ट्यांची एक नक्षी उमटते. बिस्किटाच्या पुड्यावर काळ्या रेघा असतात ना, तशीच. एकाच मुळातून आलेल्या जंतूंची नक्षी सहसा जुळते.

पण नुसता ठसा घेऊन उपयोग नाही. रेशनचा अंगठा जुळतो, कारण तो आधी कुठंतरी नोंदवलेला असतो. म्हणून अमेरिकेने १९९६ मध्ये 'पल्सनेट' नावाचं जाळं उभारलं. राज्याराज्यांच्या आरोग्य प्रयोगशाळांनी ठसे काढायचे आणि एकाच सामायिक नोंदवहीत टाकायचे. चार राज्यांत दोन-दोन रुग्ण असले तर कोणालाच साथ दिसत नाही. नोंदवही एक असली की आठही एका ओळीत येतात.

खरी मेहनत ही नोंदवही नीट ठेवण्यात आहे. एका तलाठ्याने क्षेत्र एकरात लिहिलं, दुसऱ्याने आरमध्ये, तिसऱ्याने बिघ्यात, तर बेरीज कशी लागायची? म्हणून पल्सनेटमध्ये सगळ्यांची पद्धत एकच, विकर एकच. प्रत्येक तपासणीत एक ठरलेला ओळखीचा जंतू सोबत लावायचा. अडतीत प्रमाणित वजन टाकून काटा तपासतात, तसंच हे. ज्याने परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलं त्याचीच नोंद घ्यायची, आणि आलेली नोंदही मध्यवर्ती माणसाने तपासून मगच पक्की करायची. फेरफार मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केल्याशिवाय सात-बारावर चढत नाही, तसं. २०१९ पासून तिथं पट्ट्यांच्या जागी जंतूचा अख्खा जनुकीय मजकूर वाचला जातो. तो अधिक बारीक फरक दाखवतो.

आपल्या देशात पटकीच्या जंतूंचे नमुने ठिकठिकाणांहून कोलकात्याच्या नायसेड संस्थेकडे जात आले आहेत (संस्थेचं नाव आता बदललं आहे). करोनाच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, १० प्रयोगशाळांचं जाळं विषाणू वाचण्यासाठी उभं राहिलं. त्यात पुण्यातल्याच दोन होत्या, एनआयव्ही आणि एनसीसीएस. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा एनआयव्हीला काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला. म्हणजे ज्ञान आपल्याकडे आहे, माणसंही आहेत. पण जिल्ह्याच्या पातळीवर पाण्याची तपासणी बहुतेक वेळा 'योग्य' किंवा 'अयोग्य' इथंच थांबते. विहिरीतला जंतू आणि रुग्णातला जंतू एकच का, हे नेहमी विचारलं जात नाही. माझ्या मते भूम-वाशीचा खवा असो की आपला भाजीपाला, लांबच्या बाजारात जाणाऱ्या मालासाठी ही सोय जिल्ह्याला जवळ हवी.

ती येईल तेव्हा येईल. गावाच्या हातात आहे ती बाटली. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढं बघावं. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा. आत पांढरी पूड दिसली तर ती धुऊन टाकू नका, पाण्यातल्या टीसीएलचा असर थांबवायला ती मुद्दाम घातलेली असते. बाटली बर्फात ठेवून होईल तितकी लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत पोचवावी. बाटलीवर विहिरीचं किंवा बोअरचं नाव, तारीख, वेळ आणि टीसीएल कधी टाकलं ते लिहावं. रुग्णाच्या शौचाचा नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्यायला डॉक्टरांना सांगावं, नंतर जंतू हाती लागणं कठीण. आणि शेतकरी मंडळींनी बियाण्याची पावती, लॉट नंबरची पिशवी, माल कोणत्या दिवशी कोणाला दिला याची वही जपून ठेवावी.

त्या काकडीवाल्याकडे अशी वही होती. कोणत्या दिवशी कोणाला किती काकडी दिली, सगळं लिहिलेलं. आजारी पडलेल्यांत त्याची गिऱ्हाइकं किती, हे त्यावरून काढता आलं असतं. पण ती वही बघायला कोणी आलंच नाही. त्यानंतर त्याने काकडी लावली नाही, तिथं आता सोयाबीन आहे.