अपघटन म्हणजे नुसते सुटे करणे नव्हे

सायकल खोलली की सुटे भाग मिळतात. मिठाचे पाणी आटवले की मीठ उरते, तेही मीठच. हे झाले वेगळे करणे. अपघटनात मात्र पदार्थच बदलतो. किंचित आम्ल घातलेल्या पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन व ऑक्सिजन मिळतात. त्यांचे गुणधर्म पाण्याहून अगदी वेगळे असतात.

मूलद्रव्याची व्याख्या याच क्रियेवर उभी आहे. ज्याचे अपघटन अजून जमलेले नाही, ते लाव्हाझिएने मूलद्रव्य मानले. त्याच्या १७८९ च्या यादीत चुनकळीही होती! डेव्हीने १८०८ मध्ये विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम मिळवले. चुनकळी संयुग ठरली.

म्हणून व्याख्या सांगताना ‘रासायनिक क्रियेने’ हा शब्दप्रयोग गाळू नये. अणुकेंद्र फुटले की मूलद्रव्यही बदलते. पण ते अपघटन नव्हे.