गणनेची इर्जिक

सातारा-सांगलीकडच्या जुन्या शेतकऱ्यांना इर्जिक ठाऊक आहे. एखाद्याची नांगरट मागे पडली, की शेजारपाजारचे लोक आपापले बैल व नांगर घेऊन येत, दिवसभरात रान नांगरून देत आणि यजमानाकडे जेवून परतत. ट्रॅक्टर आले आणि ही प्रथा मागे पडली. पण तिच्यातले तत्त्व विज्ञानात कामी आले आहे. त्याला वितरित संगणन म्हणतात.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ व जर्मनीची माक्स प्लांक संस्था यांचा 'आइन्स्टाइन ॲट होम' हा प्रकल्प फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाला. वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे क्षीण संकेत शोधणे हे त्याचे काम. तारा कोणत्या दिशेला आहे, किती वेगाने फिरतो, हे आधी माहीत नसते. म्हणून संभाव्य संकेतांचे असंख्य नमुने नोंदींशी ताडून पाहावे लागतात. (जुळणारे तारे एकमेकांवर आदळताना निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींसाठी असे नमुने कसे निवडावेत, यावर पुण्याच्या 'आयुका'तील सत्यप्रकाश व धुरंधर यांचा शोधनिबंध १९९१ सालचा आहे.) ही गणना एका संगणकाच्या आवाक्याबाहेरची असते. मात्र एक तुलना दुसरीवर अवलंबून नसते. त्यामुळे तुकडे घरोघरच्या संगणकांना वाटता येतात. संगणक रिकामा असला की तुकडा मागवतो, गणित करतो व उत्तर परत पाठवतो.

मग विद्यापीठ काय करते? वर्गात करून पाहू. १०४०३ ही संख्या मूळ आहे का? तिचे वर्गमूळ १०२ हून किंचित कमी आहे. तेवढ्यापर्यंत २६ मूळ संख्या आहेत. प्रत्येक संख्या दोन-दोन विद्यार्थ्यांना द्या. ५२ विद्यार्थी भागाकार करतील. १०१ मिळालेल्या दोघांची बाकी शून्य येईल, कारण १०१ × १०३ = १०४०३. येथे शिक्षकाने तीन कामे केली: प्रश्नाचे तुकडे पाडले, दोन उत्तरे ताडून चूक पकडली आणि निष्कर्ष काढला. विद्यापीठाची कामे हीच.

२०१० साली अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींत असाच एक स्पंदक सापडला. तो सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरतो. अमेरिकेतील एक दांपत्य व जर्मनीतील एक नागरिक यांच्या संगणकांनी तो हेरला. पण इतर दुर्बिणींनी पडताळल्यावरच तो शोध ठरला.

प्रत्येक प्रश्नाचे असे तुकडे पडत नाहीत. कोयनेच्या खोऱ्यातील पावसाचे भाकीत घ्या. नकाशाच्या एका चौकोनातील वारा व बाष्प पुढच्या क्षणी शेजारच्या चौकोनात जातात. म्हणून दर टप्प्याला शेजाऱ्याचे उत्तर हाती लागते. तेथे अतिवेगाने जोडलेला महासंगणकच हवा.

सातारा व सांगलीतील बहुसंख्य विज्ञान महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहेत. त्यांच्या प्रयोगशाळांतील संगणक रात्री बंद असतात. ते अशा कामाला लावता येतील. अर्थात ते फुकट होणार नाही: वीज लागते, यंत्रे तापतात, संस्थेची परवानगी घ्यावी लागते. तरीही खरी अडचण यंत्रांची नाही. इर्जिकीला बैल शेजाऱ्यांचे चालतात, पण रान यजमानाचे लागते. विद्यापीठाकडे हवा तो तुकडे पाडता येण्याजोगा, स्वतःचा प्रश्न.