इंजिन नवे, पंखा जुना

पावसाळी मासेमारीबंदीचे जून-जुलै हे दोन महिने म्हणजे कोकण किनाऱ्यावरील नौकांच्या डागडुजीचा हंगाम. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, तळ खरवडून रंगवला जातो आणि ज्यांचे इंजिन थकले आहे ते नाखवे कर्ज काढून नवे इंजिन बसवतात. जुने ९० अश्वशक्तीचे होते, तर नवे १२० चे घ्यावे, असा साधारण विचार असतो. इंजिनाच्या कंपनीवर आणि किमतीवर आठवडेच्या आठवडे खल होतो. पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याचा, म्हणजेच प्रॉपेलरचा विषय मात्र ‘जुना चांगला आहे की’ एवढ्यावर संपतो. नारळी पौर्णिमेनंतर नौका समुद्रात जाते आणि काळा धूर ओकू लागते. वेग जेमतेम अर्धा नॉट वाढलेला असतो आणि डिझेलची टाकी पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होते. दोष इंजिनाला दिला जातो. अनेकदा तो इंजिनाचा नसतोच.

नौकेला पुढे ढकलण्याचे काम पंखा करतो. इंजिन फक्त त्याला फिरवते. त्यामुळे इंजिन किती शक्ती देऊ शकते याइतकाच पंखा किती शक्ती मागतो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ही मागणी मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : पंख्याचा व्यास, त्याचे पिच आणि त्याच्या दांड्याचे मिनिटाला होणारे फेरे. व्यास म्हणजे पात्यांची टोके जे वर्तुळ आखतात त्याची रुंदी. पिच समजण्यासाठी लाकडात शिरणारा स्क्रू डोळ्यांसमोर आणावा. एका फेऱ्यात तो जेवढा आत जातो, तेवढे त्याचे पिच. पंख्याच्या गाभ्यावर ‘२८ बाय २०’ असे आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिला व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचांत.

पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने पंखा त्यात घसरतो. २० इंच पिचचा पंखा मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर कागदावर नौकेचा वेग जवळपास १० नॉट निघतो. प्रत्यक्षात ती ७ नॉटने जात असेल, तर सुमारे ३० टक्के घसरण झाली. अवजड मासेमारी नौकेच्या बाबतीत एवढी घसरण असायचीच.

आता नव्या इंजिनाकडे वळू. उदाहरणादाखल, जुने ९० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला १,५०० फेरे घेत होते असे धरू. गिअरबॉक्स तीनास एक प्रमाणाचा, म्हणजे पंख्याला ५०० फेरे मिळत आणि पंखा ९० अश्वशक्ती पुरेपूर वापरत असे. नवे १२० अश्वशक्तीचे इंजिन आपली पूर्ण शक्ती १,८०० फेऱ्यांना देते. गिअरबॉक्सचे प्रमाण तेच राहिले, तर पंख्याने ६०० फेरे घ्यायला हवेत. फेरे वाढले केवळ २० टक्के. पण पंख्याची शक्तीची मागणी फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एक पूर्णांक दोन दशांशाचा घन काढला, तर उत्तर १.७३ च्या आसपास येते. म्हणजे जुना पंखा आता सुमारे १५५ अश्वशक्ती मागणार आणि इंजिनाकडे आहेत १२०! परिणामी इंजिन १,६५० फेऱ्यांच्याही वर जाऊ शकत नाही. अधिक ताकदीचे इंजिन जुन्याच पंख्याखाली दबते, ही गोष्ट चटकन पटत नाही. पण समुद्रात काळा धूर दिसतो तो याच गणिताचा. दबलेल्या इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, उत्सर्जित वायूंचे तापमान चढते आणि व्हॉल्व्ह, पिस्टन, टर्बो यांचे आयुष्य घटते. पहिल्याच हंगामात इंजिन उघडावे लागले, तर मालकाची अवस्था काय होत असेल हे सांगायला नको. कर्जाचे हप्ते तर तेव्हा नुकतेच सुरू झालेले असतात.

उलटही घडते. नव्या इंजिनासोबत चारास एक प्रमाणाचा गिअरबॉक्स आला, तर पंख्याला ४५० च फेरे मिळतात आणि जुना पंखा जेमतेम ६५ अश्वशक्ती वापरतो. इंजिन मोकळे पळते, धूर नाही, आवाजही गोड. पण विकत घेतलेल्या १२० पैकी निम्मी शक्ती वापरलीच जात नाही. इथे पंखा मोठा करायला हवा. माझ्या मते खरी संधी याच दुसऱ्या परिस्थितीत आहे. मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा लहान, वेगवान पंख्यापेक्षा कार्यक्षम असतो, कारण तो अधिक पाणी हळुवारपणे मागे लोटतो. लहान पंखा थोडेच पाणी जोराने भिरकावतो आणि त्या वेगात ऊर्जा वाया जाते. मात्र नौकेच्या तळाखाली जागा हवी. पात्याचे टोक आणि तळ यांत व्यासाच्या किमान १० ते १५ टक्के अंतर नसेल, तर सारी नौका थरथरू लागते. मंद फेऱ्यांत जास्त शक्ती वाहून न्यायची तर दांडाही जाड लागतो. नवा गिअरबॉक्स दांडा उलट्या दिशेने फिरवत असेल, तर उजव्या फेऱ्याचा पंखा काढून डाव्या फेऱ्याचा बसवावा लागतो.

पार्सन्सची फजिती

नव्या यंत्राला पंखा न जुळल्याने भल्याभल्यांची गाडी अडली आहे. ब्रिटिश अभियंता चार्ल्स पार्सन्स याने १८९४ मध्ये ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी पहिली नौका पाण्यात सोडली. टर्बाइन विलक्षण वेगवान होते, पण एका दांड्यावर पंखे बदलून बदलून पाहिले तरी नौका २० नॉटच्या आतच अडखळे. पाती इतक्या वेगाने फिरत की त्यांच्याभोवतीच्या कमी दाबात पाण्याची वाफ होऊन पोकळ्या तयार होत आणि पंखा जणू फेसातच फिरत राही. अखेर टर्बाइनची फेररचना करून त्याने तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन असे नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी आरमारी संचलनात हीच नौका ३० नॉटहून अधिक वेगाने धावली. आपल्या बंदरांत या पोकळ्यांची खूण पाहायची असेल, तर पात्यांवरचे खड्डे पाहावेत. वाळवीने खाल्ल्यासारखे दिसतात.

काम कोणते, त्यावर पंखा

ससून डॉकचा ट्रॉलर आणि सातपाटीची गिलनेट नौका यांची इंजिने सारखी असली, तरी पंखा एकच चालेल असे नाही. ट्रॉलरला दोन-तीन नॉटच्या वेगाने जाळे ओढत तासन्‌तास काढायचे असतात. तेथे कमी पिच आणि मोठा व्यास हवा. पंख्याभोवती नळीसारखे कडे बसवले, तर ओढण्याची ताकद आणखी वाढते. गिलनेट किंवा डोल जाळ्याच्या नौकेला मासेमारीच्या जागेपर्यंत जाणे-येणे महत्त्वाचे, त्यामुळे तिचा पंखा मोकळ्या प्रवासाच्या वेगासाठी निवडावा. ट्रॉलरवर प्रवासाचा पंखा बसवला, तर बंदरातून निघताना सारे ठीक वाटते आणि जाळे पाण्यात पडताच इंजिन गुदमरते.

वेगाच्या मोहालाही मर्यादा आहे. पाणी कापत जाणाऱ्या अवजड नौकेचा वेग तिच्या पाणरेषेच्या लांबीने बांधलेला असतो. फुटांतील लांबीचे वर्गमूळ काढून १.३४ ने गुणावे. ४९ फुटांच्या नौकेला सुमारे साडेनऊ नॉट मिळतात. त्यापुढचा प्रत्येक अर्धा नॉट नौकेने स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढण्यात खर्ची पडतो. तेथे इंजिनही हरते आणि पंखाही.

मग योग्य पंखा ओळखायचा कसा? उत्पादकाच्या तक्त्यावरून पहिला अंदाज बांधता येतो, पण निवाडा समुद्रातच होतो. तळ स्वच्छ असावा. डिझेल, पाणी, बर्फ आणि खलाशी नेहमीइतके असावेत. समुद्र शांत पाहून थ्रॉटल पूर्ण उघडावे आणि फेरे मोजावेत. वेग जीपीएसवर दोन्ही दिशांना मोजून सरासरी काढावी, कारण मुंबईच्या आसपासची भरती-ओहोटी एका दिशेच्या आकड्याला सहज फसवते. इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत किंवा किंचित वर पोहोचले, तर पंखा जुळला. ही थोडीशी सवलत मुद्दाम ठेवायची, कारण काही महिन्यांत तळाला शंखशिंपले चिकटतात आणि भार वाढतो. ट्रॉलरची चाचणी जाळे ओढतानाही घ्यावी.

फेरे थोडे कमी पडले, तर चांगल्या कारखान्यात पाती तापवून, वळवून पिच एक-दोन इंचांनी कमी करता येते. पात्यांची टोके छाटून व्यास घटवण्याचा स्वस्त उपायही सर्रास होतो. व्यासातील एक इंच भाराच्या दृष्टीने पिचच्या दोन-तीन इंचांइतका असल्याने फेरे लगेच वाढतात खरे, पण छाटला जातो तो पात्याचा सर्वांत कामाचा भाग. जागेची अडचण नसेल, तर हा मार्ग टाळावा. खाडीतल्या लहान होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांचे काम सोपे असते. पूर्ण थ्रॉटलला फेरे किती ते किती असावेत हे पुस्तिकेत दिलेले असते आणि पिच एक इंचाने बदलले की फेरे साधारण दीडशे-दोनशेने बदलतात.

उतरवलेला जुना पंखा बहुतेक जण नौकेवर जादा म्हणून ठेवतात. ठेवावाही, भर समुद्रात दोरखंड गुंतून पाते मोडले, तर तोच घरी आणतो. फक्त तो बसवून परतताना थ्रॉटल पूर्ण उघडू नये आणि इंजिन किती फेऱ्यांच्या वर न्यायचे नाही, तो आकडा तांडेलाच्या केबिनमध्ये आधीच रंगवून ठेवावा.