सिन्सिअर, सिम्पल, सोबर

गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर बहुतेकांना ठाऊक असतं ते शंकराच्या देवळामुळे आणि माडांच्या किनाऱ्यामुळे. 2012 पासून तिथे ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. मराठी माध्यमातून अशा कॉलेजात आलेल्या मुलांना खरा अवघड पेपर असतो नोकरीच्या मुलाखतीचा. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की तोंडाशी येतात ती ओळखीची विशेषणं: सिन्सिअर, सिम्पल, सोबर.

तिन्ही शब्द मराठीत रुळले, पण रुळताना त्यांनी कूस बदलली. आपल्याकडे सिन्सिअर म्हणजे सबमिशन वेळेवर देणारा. इंग्रजीत सिन्सिअर म्हणजे ज्याच्या पोटात एक आणि ओठांत एक नसतं असा माणूस. अभ्यासात तो खुशाल ढ असेल. मन लावून, चोख काम करणाऱ्याला तिकडे कॉन्शिएन्शस म्हणतात. सिम्पल ही आपल्या लेखी स्तुती. इंग्रजीत माणसाला नुसतं सिम्पल म्हटलं, तर त्याला समज जरा कमी, असाही अर्थ निघतो. आणि सोबर? आपल्याकडे फिक्या रंगाची साडी सोबर असते. तिकडे गंभीर माणूसही सोबर आणि दारू न प्यायलेलाही. मुलाखत घेणाऱ्याने दुसरा अर्थ घेतला, तर उमेदवाराची पंचाईत.

लग्नाच्या जाहिरातींत ‘होमली’ मुलगी हवी असते, म्हणजे घर सांभाळणारी. अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बेताची. तिकडच्या स्थळासाठी तरी हा शब्द टाळलेला बरा.

एका विशेषणाने किती फरक पडतो, हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1946 साली दाखवलं. एका माणसाचे सात गुण त्यांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना वाचून दाखवले: हुशार, कष्टाळू, सावध वगैरे. दोन्ही गटांची यादी तीच, फक्त एका गटाला मधला शब्द ‘वॉर्म’ ऐकवला, दुसऱ्याला ‘कोल्ड’. पहिल्या गटातल्या दहांपैकी नऊ जणांना तो माणूस उदार वाटला. दुसऱ्या गटात दहांतला जेमतेम एक तसं म्हणाला. त्याच जागी ‘पोलाइट’ आणि ‘ब्लंट’ घातले, तेव्हा उदारपणाबद्दलच्या मतात जवळपास फरकच पडला नाही. म्हणजे फटकळ माणूस चालतो, कोरडा चालत नाही. कोकणी माणसाला यात नवल वाटू नये.

पु. ल. देशपांड्यांनी रंगवलेला अंतू बर्वा रत्नागिरीचाच. त्याला इंग्रजीत काय म्हणावं? ब्लंट नव्हे, कारण ब्लंट माणूस सरळ तोंडावर बोलतो आणि अंतूशेठ तिरकं. सिनिकल म्हणजे प्रत्येकाच्या हेतूवर संशय घेणारा. अंतूशेठचा जगावरचा विश्वास काही एवढा उडालेला नाही. सार्कास्टिकमध्ये टोमणा येतो, पण त्यामागचं दुखणं येत नाही. जवळचा शब्द आहे सार्डॉनिक: थट्टा करणारा, पण थट्टेखाली कडवटपणा मुरलेला. नोकरीच्या अर्जात मात्र तो कुणी लिहू नये.